गांधीलमाश्यांचे गाणे आणि त्यानंतर: ज्युनियर युरोव्हिजनमधील जॉर्जियाचा प्रकरण अभ्यास

२२ नोव्हेंबर २००८ रोजी सायप्रसच्या लिमासोल शहरातील एका क्रीडा संकुलात पिवळ्या-काळ्या पोशाखातली तीन मुले मंचावर आली. त्यांच्या गटाचे नाव होते 'ब्झिकेबी'. जॉर्जियन भाषेत याचा अर्थ गांधीलमाश्या. गाण्याचे नाव होते 'बझ्झ..', आणि त्या गाण्यात जॉर्जियनच काय, पण जगातल्या कोणत्याही भाषेतला एकही धड शब्द नव्हता. भुणभुण, गुणगुण आणि मुलांनी खेळता खेळता जोडावेत तसे नाद, एवढ्यावरच ते जवळजवळ तीन मिनिटे चालले. मतमोजणी झाली तेव्हा १५ देशांत जॉर्जिया १५४ गुणांसह पहिला होता. दुसऱ्या क्रमांकावरच्या युक्रेनला १३५ आणि तिसऱ्या लिथुएनियाला १०३ गुण मिळाले होते. ज्युनियर युरोव्हिजन या मुलांच्या गीतस्पर्धेत जॉर्जियाचे ते केवळ दुसरे वर्ष होते.

मराठी वाचकाला जॉर्जिया हा देश ठाऊक असतो तो बहुधा वैद्यकीय शिक्षणासाठी राजधानी त्बिलिसीला गेलेल्या एखाद्या नात्यातल्या मुलामुळे किंवा मुलीमुळे. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेला, काळ्या समुद्राच्या काठावर वसलेल्या या देशाची लोकसंख्या साधारण ३७ लाख आहे. एवढ्या लहान देशाने मुलांच्या या आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेत २००८, २०११, २०१६ आणि २०२४ असे चार वेळा विजेतेपद मिळवले. २००७ पासून २०२५ पर्यंत सलग १९ वर्षे तो एकदाही गैरहजर राहिलेला नाही, आणि २०२४ पर्यंतच्या अठरा सहभागांपैकी अकरा वेळा तो पहिल्या पाचांत होता.

हा यश मोजण्याचा एक भाग झाला. प्रकरण म्हणून अभ्यासण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्येही, म्हणजे प्रौढ गायकांच्या मूळ गीतस्पर्धेतही, जॉर्जियाने पदार्पण केले ते याच २००७ साली, देशाच्या त्याच सार्वजनिक प्रसारण संस्थेमार्फत. भाषा तीच, शेजारी तेच, संगीताचा वारसा तोच. असे असूनही मोठ्यांच्या स्पर्धेत या देशाला आजवर नवव्या क्रमांकाच्या वर जाता आलेले नाही. एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एकाने शिकून नाव काढावे आणि दुसऱ्याने दरवर्षी उंबरठ्याला ठेच खावी, असा हा प्रकार आहे, आणि त्यामुळेच 'जॉर्जियन लोक जात्याच गाणारे' हे सोपे उत्तर येथे पुरत नाही.

स्पर्धेची घडण

ज्युनियर युरोव्हिजनची सुरुवात २००३ साली कोपनहेगनमध्ये झाली. डेन्मार्कमध्ये मुलांनी स्वतः रचलेल्या गाण्यांची एक राष्ट्रीय स्पर्धा आधीपासून होत असे. तिचा विस्तार होत होत ती आधी शेजारच्या देशांपर्यंत आणि मग युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रसारण संस्थांच्या संघटनेच्या छत्राखाली १६ देशांपर्यंत पोहोचली. देश म्हणून कोणी थेट भाग घेत नाही. त्या त्या देशातली सदस्य प्रसारण संस्था प्रवेशिका पाठवते, खर्च उचलते आणि निवडीची पद्धतही स्वतःच ठरवते. गाणे नवे हवे, तीन मिनिटांपेक्षा मोठे नको, मुख्य गायन प्रत्यक्ष मंचावर व्हायला हवे आणि शब्दांचा मोठा भाग त्या देशाच्या भाषेत असायला हवा. गाणे मुलांनीच रचलेले असावे हा सुरुवातीचा आग्रह पुढे सैल होत गेला आणि मोठ्यांची लेखणी अधिकृतपणे आत आली. वयोमर्यादाही बदलत गेली. २०१६ पासून नऊ ते चौदा वर्षांची मुले भाग घेऊ शकतात.

आपल्याकडच्या मुलांच्या दूरचित्रवाणी-स्पर्धांशी तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. आपल्या स्पर्धांत मुले मोठ्यांची, बहुधा जुनी आणि गाजलेली गाणी म्हणतात, आणि मूळ गाण्याच्या किती जवळ गेली यावर त्यांचे कौतुक होते. येथे जुन्या गाण्याचा आधारच नसतो. परीक्षकांनी आणि प्रेक्षकांनी ते गाणे आयुष्यात फार तर महिना-दोन महिन्यांपूर्वी ऐकलेले असते, आणि ते ज्या भाषेत आहे ती भाषा त्यांच्यातल्या बहुतेकांना कळत नसते. जॉर्जियनच्या बाबतीत तर ही अडचण अधिकच मोठी आहे. ती इंडो-युरोपीय कुळातली नाही, तिची लिपी स्वतंत्र आहे, आणि युरोपातल्या कुठल्याही मोठ्या भाषेशी तिचे शब्दसाम्य शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

स्पर्धेच्या घडणीतली आणखी एक बाब जॉर्जियाच्या पथ्यावर पडली, आणि ती मान्य केल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मुलांच्या स्पर्धेला उपांत्य फेरी नसते. जो देश येतो तो थेट अंतिम रात्री गातो. मोठ्यांच्या स्पर्धेत चाळीसच्या आसपास देश उतरतात आणि त्यांतले बरेच उपांत्य फेरीतच गळतात. मुलांच्या स्पर्धेत २०११ साली १३ देश होते, २०१२ साली १२. शिवाय मोठे देश बराच काळ या स्पर्धेकडे फिरकलेच नाहीत. डेन्मार्क आणि नॉर्वे २००५ नंतर बाहेर पडले. ब्रिटनही त्याच वर्षी बाहेर पडला तो थेट २०२२ साली परतला. फ्रान्स २००४ साली एकदा येऊन गेला आणि नंतर चौदा वर्षांनी आला, तर जर्मनीने पहिले पाऊल टाकले ते २०२० मध्ये. मोठ्या देशांनी रिकाम्या सोडलेल्या या जागेत जॉर्जिया, माल्टा, आर्मेनिया यांसारख्या लहान देशांनी नेटाने बस्तान बसवले. माल्टानेही २०१३ आणि २०१५ अशी दोनदा बाजी मारली, हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

तरीही मैदान मोकळे होते एवढ्याने चार विजेतेपदे मिळत नाहीत. ते मैदान इतर डझनभर देशांनाही तितकेच मोकळे होते.

निरर्थक शब्दांची परंपरा

जॉर्जियाच्या २००७ सालच्या पहिल्या प्रवेशिकेचे नाव होते 'ओदेलिया रानुनी'. मरियम रोमेलाश्विलीने गायलेल्या या गाण्याला ११६ गुण आणि चौथा क्रमांक मिळाला. शीर्षकातले शब्द अर्थासाठी कोशात शोधायचे नसतात. जॉर्जियन लोकगीतांच्या धृपदांत 'ओदेला', 'ओदेलिया', 'रानुनी' असे नादशब्द जागोजागी येतात आणि ते केवळ आवाज पेलण्यासाठी, श्वास वाटून घेण्यासाठी आणि स्वर एकमेकांत बसवण्यासाठी असतात. तराण्यातले 'दीर दीर तोम' ऐकताना आपण अर्थ विचारत नाही, तसेच हे.

जॉर्जियन बहुस्वरी गायनाला युनेस्कोने २००१ साली मानवजातीच्या मौखिक वारशातली श्रेष्ठ कृती म्हणून मान्यता दिली. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीतही एका जॉर्जियन समूहगीताचा समावेश आहे. या गायनात साधारणपणे तीन स्तर असतात. पूर्वेकडच्या काखेती प्रांतात खालचा गट, ज्याला 'बानी' म्हणतात, एक दीर्घ स्वर धरून ठेवतो, जवळजवळ आपल्या तानपुऱ्यासारखा, आणि त्यावर दोन एकल आवाज एकमेकांना ओलांडत, थांबत, वाट देत जातात. पश्चिमेकडच्या गुरिया प्रांतात प्रत्येक आवाज स्वतंत्र चाल धरतो, आणि सर्वांत वरचा आवाज गळ्यातून झटके देत इतका उंच उडतो की प्रथमच ऐकणाऱ्याला ते वाद्य वाटावे. अशा गाण्यात एकट्याने सुरात असणे पुरेसे नसते. शेजारच्याचा वेगळा स्वर कानावर पडत असताना आपला स्वर न सोडणे, हीच खरी तालीम असते.

'बझ्झ..' या गाण्याला अनेकांनी त्या वेळी गंमत म्हणून बाजूला काढले, आणि वरवर पाहता ते गमतीचेच होते. पण त्या तीन मुलांनी केलेले काम नीट ऐकावे. एकजण तालाचा कणा धरून आहे, दुसरा त्यावर तोडलेल्या नादांची नक्षी काढतो, मध्येच तिघे एका सुरावटीत येतात आणि पुन्हा फुटतात. गांधीलमाश्यांच्या पोशाखाखाली ही त्रिस्वरी रचनाच आहे. भाषेची अट पूर्ण करायची आणि भाषेचा अडसर मात्र येऊ द्यायचा नाही, हा पेच संगीतकार गिगा कुखियानिद्झे यांनी भाषाच काढून टाकून सोडवला. हा उपाय पुन्हा वापरता येण्यासारखा नव्हता, आणि त्यांनी तो पुन्हा वापरलाही नाही, याला मी त्यांची खरी समज मानतो.

त्या विजयाला एक राजकीय पार्श्वभूमी होती. लिमासोलच्या रात्रीपूर्वी जेमतेम साडेतीन महिने, ऑगस्ट २००८ मध्ये, रशिया आणि जॉर्जिया यांच्यात पाच दिवसांचे युद्ध झाले होते. त्याच हंगामात रशियाकडून या गाण्याला १२ गुण मिळाले. २००९ सालची मोठ्यांची स्पर्धा मॉस्कोत होणार होती आणि जॉर्जियाने तेथे न जाण्याचे आधी जाहीर केले होते. मुलांच्या विजयानंतर, डिसेंबरात, तो निर्णय फिरवण्यात आला. पुढे निवडलेल्या गाण्यात पुतीन यांच्या नावावर श्लेष होता, शब्द बदला असे युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने सांगितले, आणि जॉर्जियाने शब्द बदलण्याऐवजी माघार घेणे पसंत केले. मुलांच्या गाण्याने अर्धवट उघडलेले दार मोठ्यांनी चार महिन्यांत पुन्हा लावून घेतले.

एका स्टुडिओचे सातत्य

गटाचे नाव पुढे स्टुडिओचे नाव झाले. 'ब्झिकेबी' स्टुडिओतून २०११ साली 'कँडी' हा पाच मुलींचा गट पुढे आला आणि येरेवानमध्ये १०८ गुणांनी पहिला आला. नेदरलँड्स १०३ आणि बेलारूस ९९ गुणांवर राहिला. वर्षभराने ॲम्स्टरडॅममध्ये 'द फनकिड्स' दुसरे आले. 'बझ्झ..'मध्ये जे कच्चेपणाने, खोडकरपणे घडले होते ते येथे घोटून घेतलेले दिसते. नृत्य, रंगीत कपडे, कोरस, कुठे कोणी पुढे यायचे आणि कुठे मागे सरायचे, सगळे मोजून-मापून बसवलेले. कसब म्हणून ही गाणी चोख आहेत. मला स्वतःला त्यांत मुलांपेक्षा तालीम अधिक ऐकू येते, पण परीक्षकांना तसे वाटले नाही, आणि गुण परीक्षकांच्या हातात असतात.

येथे गुणांविषयी एक खुलासा करायला हवा, कारण आकडे शेजारी शेजारी ठेवल्यास दिशाभूल होते. २००५ ते २०१५ या काळात प्रत्येक देशाला सुरुवातीलाच १२ गुण देण्याची पद्धत होती, हेतू असा की कोणत्याही मुलाने शून्य गुण घेऊन घरी जाऊ नये. म्हणजे २००८ चे १५४ आणि २०११ चे १०८ यांत ते १२ धरलेले आहेत. २०१६ साली ही पद्धत बंद झाली आणि मतदानही बदलले. त्या वर्षी प्रेक्षकांचे मत घेतलेच गेले नाही. मोठ्यांचे परीक्षक मंडळ, मुलांचे परीक्षक मंडळ आणि सभागृहात बसलेले तज्ज्ञ यांनी निकाल दिला. त्या पद्धतीत मरियम ममादाश्विलीने माल्टाच्या व्हॅलेटामध्ये 'म्झेओ' हे गाणे गाऊन २३९ गुण मिळवले. आर्मेनिया २३२ वर होता, इटली २०९ वर. 'म्झेओ' म्हणजे 'हे सूर्या'.

यातून हाती लागणारा मुद्दा असा की जॉर्जियाचे विजय एखाद्या विशिष्ट मतदान पद्धतीच्या फटीतून आलेले नाहीत. २००८ आणि २०११ साली दूरध्वनीवरची मते आणि परीक्षक निम्मे-निम्मे होते, २०१६ साली केवळ परीक्षक होते, आणि २०२४ साली परीक्षक व आंतरजालावरचे मतदान यांची बेरीज होती. तीन वेगळे दरवाजे, आणि तिन्हींतून हा देश आत गेला. शेजारधर्मातून किंवा स्थलांतरितांच्या मतांतून आलेले यश असे पद्धत बदलल्यावर टिकत नाही. दूरध्वनी गेला की ते जाते.

त्बिलिसी, २०१७

विजेत्या देशाला यजमानपद आपोआप मिळावे असा मुलांच्या स्पर्धेत नेम नाही. २००८ च्या विजयानंतरची स्पर्धा कीव्हमध्ये झाली, २०११ नंतरची ॲम्स्टरडॅममध्ये. जॉर्जियाकडे पाहुणे आले ते तिसऱ्या विजयानंतर. २६ नोव्हेंबर २०१७ रोजी त्बिलिसीच्या ऑलिम्पिक पॅलेसमध्ये १६ देशांची स्पर्धा झाली. सूत्रसंचालन करणाऱ्या दोघींपैकी एक लिझी पॉप होती, जी तीन वर्षांपूर्वी माल्टात जॉर्जियासाठी गाऊन अकरावी आली होती. हरलेल्या मुलीला तीन वर्षांनी घरच्या मंचावर यजमान म्हणून उभे करणे हा तपशील लहान असला तरी प्रसारण संस्था मुलांना गाणे संपताच विसरत नाही, एवढे त्यातून कळते.

त्याच वर्षी आंतरजालावरून मतदान सुरू झाले. जगातला कोणीही मत देऊ शकत होता, स्वतःच्या देशालाही. अट एवढीच की किमान तीन गाणी निवडावी लागत. जॉर्जियाकडून ग्रिगोल किपशिद्झे गात होता. शेवटी रशियाला १८८, जॉर्जियाला १८५ आणि ऑस्ट्रेलियाला १७२ गुण झाले. घरच्या मैदानावर तीन गुणांनी, आणि तेही रशियाकडून, हार पत्करावी लागली.

त्यानंतरची दोन वर्षे उतरणीची होती. २०१८ साली मिन्स्कमध्ये आठवा क्रमांक आला आणि २०१९ साली पोलंडच्या ग्लिविट्सेमध्ये चौदावा, जो २०२४ पर्यंतचा जॉर्जियाचा सर्वांत खालचा क्रमांक आहे. दोन्ही वर्षी पोलंडने विजेतेपद घेतले आणि स्पर्धेची तऱ्हाच बदलली. पोशाखातली धमाल मागे पडली. पॉप संगीताच्या व्यावसायिक निर्मितीला साजेसा आवाज आणि एकट्या गायकाभोवती उभारलेला मंच पुढे आला.

निवड आणि तालीम

या बदलत्या काळात जॉर्जियाचा आधार ठरला तो 'रानिना' हा सार्वजनिक वाहिनीवरचा मुलांच्या गाण्याचा कार्यक्रम. तो एका रात्रीत निकाली निघणारा नाही. निवडलेली मुले अनेक फेऱ्यांमधून वेगवेगळ्या प्रकारची गाणी म्हणतात आणि गुण साठत जातात. एका चांगल्या संध्याकाळी कोणी जिंकून जात नाही. पॅरिसमध्ये २०२१ साली चौथा आलेला निको काजाया आणि येरेवानमध्ये २०२२ साली तिसरी आलेली मरियम बिगवावा याच कार्यक्रमातून आली. २०२३ साली अनास्तासियाबरोबर जो गट नीसला गेला त्याचे नावच 'रानिना' होते. त्या वर्षी क्रमांक मात्र दहावा आला.

या पद्धतीचा फायदा जिंकणाऱ्या एका मुलाला होतो त्यापेक्षा न जिंकणाऱ्यांना अधिक होतो, असे मला वाटते. दरवर्षी दहा-बारा मुले महिनोन्महिने कॅमेऱ्यासमोर, वाद्यवृंदाबरोबर, लोकगीतापासून परदेशी गाण्यापर्यंत सगळे गातात. त्यांतले एक जाते, बाकीचे तयार होऊन पुढच्या वर्षापर्यंत थांबतात. साखर कारखान्याला जसा दर हंगामात ऊस लागतो, तशी ही तयार मुलांची वाट आहे. एखादे वर्ष सहभाग चुकला तर ही साखळी तुटते. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क यांच्याकडे पैसा आणि संगीत-उद्योग जॉर्जियाहून कितीतरी मोठा आहे, पण मुलांच्या स्पर्धेत त्यांनी सातत्य ठेवले नाही. जॉर्जियाने चौदाव्या क्रमांकानंतरही पुढच्या वर्षाची तयारी थांबवली नाही, आणि २०२० साली महामारीमुळे सादरीकरणे आपापल्या देशातच चित्रित करावी लागली तेव्हाही तो सहाव्या क्रमांकावर होता.

मोठ्यांकडचा हिशेब

आता दुसऱ्या भावंडाकडे. मोठ्यांच्या स्पर्धेत जॉर्जियाचा सर्वोत्तम क्रमांक नववा, तो २०१० आणि २०११ असा लागोपाठ दोनदा मिळाला. २०१७ पासून २०२३ पर्यंत, स्पर्धा रद्द झालेले २०२० वगळता, दरवर्षी हा देश उपांत्य फेरीतच थांबला. याचे कारण परंपरा सोडून इंग्रजीच्या मागे लागणे हे आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. मोठ्यांच्या स्पर्धेत १९९९ पासून भाषेचे बंधन नाही, तेव्हा बहुतेक जॉर्जियन गाणी इंग्रजीत झाली हे खरेच. पण २०१८ साली 'इरियाओ' या गटाने बहुस्वरी शैलीत, जॉर्जियन भाषेत गायले आणि तेही उपांत्य फेरीतून पुढे गेले नाहीत. पुढच्याच वर्षीचे जॉर्जियन गाणेही तेथेच थांबले. म्हणजे वारसा हा गुण मिळवून देणारा हुकमी एक्का नाही. तो असतो तेथे तालमीला खोली येते, एवढेच.

सर्वांत बोलके उदाहरण इरू खेचानोवीचे आहे. २०११ साली येरेवानमध्ये जिंकलेल्या 'कँडी' गटातली ती एक मुलगी. बारा वर्षांनी, २०२३ साली लिव्हरपूलमध्ये, तिने मोठ्यांच्या स्पर्धेत जॉर्जियाचे प्रतिनिधित्व केले. आवाज पक्का होता, मंचाची भीती केव्हाच मेलेली होती, आणि तरीही ती अंतिम फेरीत गेली नाही. मुलांच्या स्पर्धेत जी यंत्रणा तिच्या मागे वर्षभर उभी होती तशी मोठ्यांच्या बाजूला बसलेलीच नाही. तेथे पद्धत जवळजवळ दरवर्षी बदलते, कधी थेट नेमणूक, कधी एखाद्या गायनस्पर्धेचा विजेता, आणि गाणे कोण करणार हेही त्यानुसार बदलते. प्रसारण संस्था एक असली तरी सवयी दोन आहेत.

नावांतला बदल

प्रवेशिकांची नावे ओळीने वाचली तर आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मला थोडी खटकते. सुरुवातीची नावे 'ओदेलिया रानुनी', 'बझ्झ..', 'लुर्जी प्रिन्वेली' म्हणजे 'निळा पक्षी', 'मारी दारी' अशी आहेत. पुढे 'गाबेदे' आणि 'म्झेओ' सोडले तर 'हॅपी डे', 'युअर व्हॉइस', 'वी नीड लव्ह', 'यू आर नॉट अलोन', 'आय बिलीव्ह', 'ओव्हर द स्काय' अशी रांग लागते. आत शब्दांचा मोठा भाग जॉर्जियनच असतो, कारण नियमच तसा आहे, पण दारावरची पाटी इंग्रजी झाली आहे. विषयही नादाच्या खेळाकडून जग बदलण्याच्या आवाहनाकडे सरकले आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलाने जगाला प्रेमाची गरज आहे असे सांगावे, ही मोठ्यांची हौस आहे. त्या वयाला माशीसारखे भुणभुणणे जास्त शोभते. अर्थात हा दोष एकट्या जॉर्जियाचा नाही. त्या काळातली कोणत्याही देशाची यादी काढली तरी हेच चित्र दिसेल.

माद्रिद आणि पुन्हा त्बिलिसी

१६ नोव्हेंबर २०२४ रोजी माद्रिदच्या काहा माहिका सभागृहात आंद्रिया पुतकाराद्झे या मुलाने 'टू माय मॉम' हे गाणे म्हटले. 'रानिना'तूनच आलेल्या या मुलाने जगाला काही सांगितले नाही, आईला सांगितले. योगायोगाने २०१६ प्रमाणे याही वेळी १७ देश होते आणि जॉर्जियाचे गुणही पुन्हा २३९ झाले. आठ वर्षांनी विजेतेपद परत आले, चौथ्यांदा, आणि तोपर्यंत एवढी विजेतेपदे दुसऱ्या कोणत्याही देशाकडे नव्हती.

देश त्या वेळी शांत नव्हता. २६ ऑक्टोबरच्या संसदीय निवडणुकीच्या निकालावरून वाद पेटलेला होता. माद्रिदच्या विजयानंतर बाराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, सरकारने युरोपीय संघाच्या सदस्यत्वाच्या वाटाघाटी २०२८ च्या अखेरपर्यंत न घेण्याचे जाहीर केले, आणि त्बिलिसीच्या रुस्तावेली मार्गावर संसदेसमोर लोक जमू लागले. ही निदर्शने वर्ष उलटले तरी चालू होती. ज्या देशाच्या मुलांनी नुकतीच युरोपची स्पर्धा जिंकली होती त्याच देशातले मोठे, युरोपात जायचे की नाही यावरून रस्त्यावर एकमेकांसमोर उभे होते. या पार्श्वभूमीवर यजमानपद दुसऱ्यांदा त्बिलिसीकडे आले. सार्वजनिक प्रसारण संस्थेला एकाच काळात दोन कामे करायची होती: राजकीय बातम्या देणे, ज्यांवरून तिच्यावर टीका होत होती, आणि युरोपभरातून आलेल्या मुलांचे आतिथ्य करणे. यांतल्या दुसऱ्या कामाची तिला १८ वर्षांची सवय होती.

१३ डिसेंबर २०२५ रोजी शहराच्या मध्यापासून दूर, ऑलिम्पिक सिटीतल्या जिम्नॅस्टिक हॉलमध्ये १८ देशांची मुले गायली. त्या रात्री लू देल्यूझ या मुलीच्या गाण्यावर फ्रान्स जिंकला. २००४ चा एक सहभाग आणि २०१८ पासूनचे आठ, असे नऊच सहभाग असलेल्या फ्रान्सचे २०२०, २०२२ आणि २०२३ नंतरचे हे चौथे विजेतेपद होते. जॉर्जियाचा चारचा आकडा अठरा वर्षांत जमलेला. फ्रान्सने तो त्बिलिसीतच, जॉर्जियाने स्वतः उभारलेल्या मंचावर, गाठला.